मातीची शाळा, कुंभाराचे नाव

नाशिकच्या पांडवलेण्यातील दहाव्या लेण्याच्या अंगणात, डाव्या हाताच्या भिंतीवर, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतला एक शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा. विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, ती कुठे ठेवली याचा हिशेब या लेखात कोरला आहे. गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे तिने पैसे दिले. पाणयंत्रे करणाऱ्यांकडे २,००० कार्षापण, ‘कुलरिक’ म्हटलेल्या श्रेणीकडे १,०००, शिवाय तेल्यांकडेही काही रक्कम. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार असे अभ्यासक मानतात. भिक्षू आजारी पडला तर त्याच्या औषधाला लागणारे पैसे कुंभारांनी पिढ्यान् पिढ्या व्याजरूपाने पुरवायचे, आणि ते पुरवतील याची खात्री देणारीला होती.

मातीकामाच्या शाळांबद्दल लिहायचे ठरवले तेव्हा मला पहिल्यांदा हा लेख आठवला, कारण या शाळांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात मला सतत छळणारा प्रश्न याच लेखातून निघतो. ज्या कारागिराला एके काळी ठेव सांभाळायला दिली जात होती, त्याला शाळा निघाल्यावर कुठे बसवले?

याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातला लागून, सुरगाणा तालुका आहे. एके काळचे हे देशमुखांचे छोटे संस्थान. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. कोकणा, महादेव कोळी, वारली अशी आदिवासी वस्ती, नार आणि पार नद्यांचा उगमप्रदेश, नागली-वरई-भाताची शेती. धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायांना पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. पीक निघाले की माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला निघतात. या तालुक्यात माती घराघरात आहे. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा लेप, धान्याच्या कणगीला तोच लेप, मातीची चूल, पाण्याचा माठ. नागलीची भाकरी मातीच्या तव्यावर भाजली तर ती वेगळी लागते, हे इथल्या कोणत्याही घरात सांगतील. पण माती शिकवणारी शाळा इथे नाही. आश्रमशाळा पुष्कळ आहेत. त्यांतल्या मुलांचे हात लिंपणाची माती सरावाने कालवतात आणि वर्गात आले की त्या हातांना काम उरत नाही.

म्हणून महाराष्ट्रात मातीच्या ज्या शाळा झाल्या, त्यांच्याकडे सुरगाण्याच्या बाजूने पाहायचे मी ठरवले.

पहिली आणि सर्वांत नामांकित शाळा मुंबईची. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे हिंदुस्थानी कारागिरीचा बोलबाला झाला आणि त्याच वेळी गिरण्यांच्या मालापुढे ही कारागिरी टिकेल का, अशी चिंताही सुरू झाली. त्या पार्श्वभूमीवर सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली कला व कारागिरीच्या शाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी ही शाळा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाली. आज आपण जिला ‘जे. जे.’ म्हणतो ती हीच. जॉर्ज विल्किन्स टेरी हे तिचे पहिले अधीक्षक. १८६५-६६च्या सुमारास तिथे शोभाचित्रण, शिल्प आणि लोहकाम यांचे वर्ग उभे राहिले आणि त्यासाठी इंग्लंडहून शिक्षक आले.

त्यांतल्या एकाचा मातीशी जवळचा संबंध होता. जॉन लॉकवूड किपलिंग यांनी तरुणपणी स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम गावी पिंडर, बोर्न या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. त्याच परगण्यातल्या रुडयार्ड तलावाकाठी त्यांची भावी पत्नीशी ओळख झाली, आणि ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत मुलगा झाला तेव्हा त्याला त्या तलावाचे नाव दिले गेले. मुंबईत लॉकवूड वास्तुशिल्प शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्यांचीच. १८७५ साली ते लाहोरला गेले.

मातीकामाचा वर्ग खऱ्या अर्थाने उभा केला तो टेरी यांनी, १८७०च्या दशकात. त्यांनी सिंधमधून कुंभार आणवले. सिंधमधले हाला हे गाव चकाकीच्या भांड्यांसाठी आणि फरशांसाठी प्रसिद्ध होते. आपल्याकडचा कुंभार भांडे एकदा भाजतो. ते सच्छिद्र राहते, त्यातून पाणी झिरपते, झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि आतले गार होते. माठाचे सारे शास्त्र त्या न बुजवलेल्या छिद्रांत आहे. सिंधच्या कारागिराची विद्या वेगळी होती. लाल मातीच्या भांड्यावर तो पांढऱ्या मातीचा पातळ हात फिरवी, त्यावर तांब्यापासून निघणारा हिरवा-निळा किंवा कोबाल्टचा गडद निळा रंग भरी, वरून काचेचा लेप देई आणि पुन्हा भट्टी लावी. भांडे जलाभेद्य होई, रंग काचेखाली कायमचे बंदिस्त होत. ही विद्या बापाकडून मुलाकडे आलेली, कागदावर कुठेही न उतरलेली. टेरी यांनी ती हातांसह मुंबईत आणली.

दुसरा धागा अजिंठ्याचा. १८७२ सालापासून शाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे ते चित्रकार म्हणून नावारूपाला आले. हे काम १८८५ पर्यंत चालले. लेण्यांच्या छतांवरची कमळे, हंस, हत्ती, वेलपत्ती हे सगळे कागदावर उतरून शाळेत आले आणि तिथून भांड्यांवर गेले. सिंधची चकाकी आणि अजिंठ्याची नक्षी अशी ही ‘बॉम्बे स्कूल’ची भांडी युरोपात विकली जाऊ लागली. पुढे टेरी यांनी ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने स्वतःचा कारखानाही चालवला. जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८० सालच्या हिंदुस्थानी उद्योगकलांवरील ग्रंथात टेरी यांच्या या उद्योगाची दखल आहे. बर्डवुड स्वतः बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी त्याच्या आरंभीच्या काळात निगडित असलेले. शाळेत तयार होणाऱ्या कारागिरीबद्दल त्यांच्या मनात शंकाही होत्या. परक्या बाजारासाठी घडवलेली वस्तू किती काळ आपली राहते, हा त्या काळातला मोठा वाद होता आणि तो आजही मिटलेला नाही.

अजिंठ्याच्या मोठ्या नकला इंग्लंडला पाठवल्या गेल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. कॅनव्हास जळाले आणि त्याच नक्षीची, हातातून पडली तर फुटतील अशी भांडी मात्र लंडनला आणि मुंबईला अजून शाबूत आहेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांतली काही पाहायला मिळतात. ही इमारत १८७२ साली खुली झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिची फार चांगली डागडुजी झाली. मुंबईला जाणाऱ्या वाचकाने राणीच्या बागेत प्राणी पाहून परत फिरू नये, शेजारच्या या इमारतीत अवश्य जावे. काचेमागची ती निळी-पिवळी भांडी जवळून पाहावीत. कडेवर बोटाचा हलका आडवा पट्टा दिसतो. चाक फिरत असताना बोट टेकले की तो उमटतो, तो कोणत्याही आराखड्यात नसतो.

त्या बोटाच्या मालकाचे नाव सहसा मिळत नाही. अशा भांड्यांच्या माहितीत शाळेचे नाव असते, टेरींचे असते, शैलीचे असते. चाकावर बसलेल्या सिंधी कुंभाराचे, चकाकी कालवणाऱ्याचे, भट्टीचा जाळ ओळखणाऱ्याचे नाव क्वचितच. विद्यार्थी चित्रकारांची नावे इतिहासात आली, ज्यांनी विद्या आणली ते मजूर म्हणून नोंदले गेले. माझ्या मते या शाळेची उतरण इथेच सुरू झाली. नक्षी वरून येणार, हात खालून येणार आणि दोघांनी एकमेकांकडून शिकायचे नाही, अशी घडी एकदा बसली की वस्तूची मागणी विलायती दिवाणखान्यांच्या आवडीवर टांगलेली राहते. आवड बदलली आणि एकोणिसावे शतक सरता सरता या भांड्यांचा बहरही ओसरला. सेसिल बर्न्स प्राचार्य असताना मातीकामाला पुन्हा उजाळा मिळाला. सर जॉर्ज क्लार्क मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावाची प्रयोगशाळा निघाली, चकाकी आणि माती यांचे शास्त्रीय संशोधन सुरू झाले. जे. जे.मध्ये सिरॅमिकचे शिक्षण आजही चालू आहे आणि २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. तिथून उत्तम कलावंत निघाले. पण सुरगाण्याच्या बाजारात माठ विकणाऱ्या कुटुंबापर्यंत त्या प्रयोगशाळेतला एकही निष्कर्ष पोचल्याचे दिसत नाही.

मराठी मनाला कुंभार शिक्षक म्हणून काही नवा नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे ठरवायला थापटणे हातात घेतले ते गोरोबांनी, आणि नामदेवांसारख्याला कच्चे ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच दिला गेला. तेर हे सातवाहनकालीन मोठे नगर. तिथे सापडलेल्या मातीच्या मूर्ती तिथल्या संग्रहालयात आहेत, त्या पाहिल्या की गोरोबांच्या मागे हजार-बाराशे वर्षांची परंपरा उभी होती हे कळते. आपल्या नाशिकातही तसेच. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी गोदाकाठची मातीची गढी आणि नगर जिल्ह्यातले जोर्वे खोदले. जोर्व्याच्या तोटीच्या भांड्यांवरून ताम्रपाषाणयुगातल्या एका सबंध संस्कृतीला नाव मिळाले. इतिहासपूर्व महाराष्ट्राबद्दल आपल्याला जे कळते त्यातले निम्मे खापरांनी सांगितले आहे. तिसऱ्या शतकात ठेव सांभाळणारा, संतांच्या काळात परीक्षा घेणारा, बलुतेदारीत गावगाड्याचा हक्काचा माणूस असलेला हा कारागीर १८७०च्या दशकात शाळेत शिरला तो नोकर म्हणून.

हे उलटे करून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न विदर्भात झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे असा विचार मांडला. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामला ‘नई तालीम’ची शाळा चालवली. तिथे १९४४ साली शांतिनिकेतनच्या कलाभवनातून शिकून आलेला तेवीस वर्षांचा तरुण रुजू झाला. त्याचे नाव देवी प्रसाद. तो चित्रकार होता, नंदलाल बसूंचा विद्यार्थी. सेवाग्रामला त्याने मुलांना चित्रकला शिकवली आणि मातीकामाची शाळा उभारली. पुढे देवी प्रसाद देशातल्या अव्वल स्टुडिओ-कुंभारांपैकी एक झाले. १९६२ साली ते युद्धविरोधी चळवळीचे काम करायला लंडनला गेले, वीसेक वर्षांनी परतले आणि २०११ साली दिल्लीत वारले.

त्याच सुमारास जगात इतरत्रही असेच विचार चालू होते. इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज इथे १९२० साली बर्नार्ड लीच यांनी जपानी सहकारी हमादा यांच्यासह स्टुडिओ काढला. जपान आणि इंग्लंडची गावठी भांडी त्यांनी गुरुस्थानी मानली. दिल्लीचे गुरुचरण सिंग जपानमध्ये शिकून आले, लीच यांना भेटले आणि १९५२ साली त्यांनी ‘दिल्ली ब्लू’ची सुरुवात केली. या सगळ्यांनी गावच्या कुंभाराला आदराने पाहिले. पण त्यांच्या शाळांत शिकायला मुख्यतः शहरी, शिकलेली माणसे आली. सेवाग्रामचे वेगळेपण असे की तिथे समोर बसलेली मुले खेड्यातली होती. मातीचा गोळा त्यांच्या हाती इतिहास, गणित आणि विज्ञान शिकवायला दिला जात होता. भांड्याची मापे काढणे म्हणजे गणित, भट्टीत काय होते हे समजणे म्हणजे रसायन. भट्टीतल्या पहिल्या तासांत ओलावा जातो, पुढे मातीत घट्ट बसलेले पाणीही निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधीच भिजून चिखल होत नाही. हे एकदा स्वतःच्या भांड्यावर पाहिलेले मूल विसरत नाही.

यापुढची पायरी भद्रावतीची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावी १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ स्थापन केला. गांधीविचाराचा हा माणूस कुंभारांमध्येच राहून काम करायला बसला. स्थानिक माती, स्थानिक कारागीर आणि त्यांना भट्टी व चकाकीचे तंत्र शिकवणारी कार्यशाळा असा हा मेळ होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी ग्रामोद्योगाने ग्रामीण मातीकामाची मध्यवर्ती संस्था चालवली, तिथेही कुंभारांची मुले शिकायला येत. मुंबईच्या शाळेइतके या संस्थांबद्दल लिहिले गेलेले नाही. त्यांची भांडी लंडनच्या संग्रहालयात नाहीत, घरांत आहेत. या दोन्हींचे दस्तावेज, भट्टीच्या वह्या, चकाकीची प्रमाणे कुणीतरी मन लावून गोळा केली पाहिजेत. मराठी विद्यापीठांतल्या एखाद्या संशोधकाला आयुष्यभर पुरेल इतके हे काम आहे.

तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे उदाहरणही इथे आठवते. एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या निधीतून १९०८ साली हा कारखाना निघाला, आणि तो जितका कारखाना होता तितकीच शाळा होती. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तयार झालेली मुले देशभर काचकामात पसरली. काच आणि चकाकी ही एकाच विद्येची दोन रूपे. लोकांच्या पैशाने, मराठी मुलखात, जाळाची विद्या शिकवणारी शाळा चालते हे तळेगावने शंभर वर्षांपूर्वी दाखवले आहे.

सरकारकडे आज योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. खादी आयोग विजेवरची चाके वाटतो. विजेचे चाक ही चांगलीच गोष्ट, खांदे आणि कंबर वाचते. पण आठवडाभरात माती ओळखायला शिकता येत नाही, चकाकी बसवता येत नाही, कमी लाकडात भट्टी कशी लावायची याचा प्रयोगही होत नाही. आव्याला लागणारे जळण हा सुरगाण्यासारख्या जंगलाच्या तालुक्यात नाजूक विषय आहे. त्यावर उत्तर अवजाराच्या धनादेशातून येणार नाही, वर्षानुवर्षे एका जागी चालणाऱ्या प्रयोगातूनच येईल. त्यासाठी शाळाच लागते.

आदिवासी भागातल्या कलेचे काय होऊ शकते, हे शेजारच्या डहाणूत आपण पाहिले आहे. जे. जे.मध्ये शिकलेले भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकात तिथे गेले. त्यांनी वारली चित्रे शहरात आणली, पण चित्रकाराला पुसून टाकले नाही. जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शंभर वर्षांपूर्वी त्याच शाळेने सिंधच्या कुंभारांच्या बाबतीत जे केले नव्हते, ते तिच्या एका माजी विद्यार्थ्याने वारली चित्रकाराच्या बाबतीत केले. नाव राहिले म्हणून कला मुलांकडे गेली. मशे यांच्या घरात आणि पाड्यांवर आज कितीतरी जण स्वतःच्या नावाने चित्रे काढतात.

सुरगाण्यासाठी मागणे एवढेच आहे. आदिवासी विकास विभागाने तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मातीकामाचा कायमचा वर्ग सुरू करावा. खर्च मोठा नाही. चार चाके, एक कमी जळणाची भट्टी, चाळण्या, एक वही. शिकवायला जवळच्या कुंभार कुटुंबातला माणूस किंवा बाई नेमावी, आणि पदविका नाही या कारणावरून त्यांना रोजंदारीवर ठेवू नये, शिक्षकाच्या पगारावर घ्यावे. जे. जे. आणि सेवाग्राम-वर्ध्याच्या संस्थांतल्या तज्ज्ञांनी वर्षातून काही आठवडे इथे येऊन तालुक्यातल्या नाल्या-तळ्यांच्या मातीची तपासणी करावी. कोणती माती किती आकसते, किती तापाला टिकते, तव्यासाठी कोणती आणि माठासाठी कोणती, याची नोंद मराठीत ठेवावी. ती नोंद कुंभाराच्या हातात राहावी. पहिली दोन-तीन वर्षे दिवाणखान्याच्या शोभेच्या वस्तूंच्या नादी लागू नये. इथे नागलीची भाकरी भाजायला तवे लागतात, उन्हाळ्यात माठ लागतात, संक्रांतीला सुगडे आणि दिवाळीला पणत्या लागतात, तेवढा बाजार पहिल्यांदा पुरेसा आहे. आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला घडवणाऱ्याचे नाव कोरलेले असावे.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांत शिक्षण आणि आदिवासी विकास खात्यांतले अधिकारी असतील, जे. जे.चे माजी विद्यार्थी असतील, नाशिकचे उद्योजक असतील. त्यांनी या प्रस्तावाचा विचार करावा. या दिवाळीला पणत्या विकत घ्याल तेव्हा घडवणाऱ्याचे नाव विचारा, आणि सुरगाणा, पेठ, कळवणच्या बाजारांत असे एखादे घराणे भेटले तर त्याचा ठावठिकाणा जवळच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा.